रिपोर्ट चांगला, दम मात्र लागतो : हरारेतल्या मुलांच्या फुप्फुसांचं प्रकरण

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात तिथे, पोरगं आलं की आधी त्याची फाईल उघडते. वजन किती, गोळ्या किती उरल्या, मागचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, काय. तिन्ही रकाने नीट भरले की समोरचा माणूस मान डोलावतो, "छान चाललंय, पुढच्या महिन्यात ये." पोरगं उठतं, जिना चढायला लागतं आणि मधल्या टप्प्यावर थांबून चपलेचा पट्टा नीट करतं. पट्टा नीटच असतो. दम लागलाय हे बरोबरच्या मावशीला कळू नये म्हणून ही युक्ती. पुढच्या टप्प्यावर पुन्हा पट्टा.

हे थांबणं फाईलच्या कुठल्याच रकान्यात नसतं. मी छातीच्या ओपीडीत बसतो, त्यामुळे माझ्याकडे अशी मुलं येतात ती उशिरा आणि बहुतेक वेळा चुकीचं लेबल लावून. ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय ते मात्र आपल्याकडचं नाही, झिंबाब्वेची राजधानी हरारे इथलं आहे. जन्मतः एचआयव्ही असलेल्या किशोरवयीन मुलांच्या फुप्फुसांचं नेमकं काय बिघडतं, हे पाहण्यासाठी तिथे चिकाटीने मोजमाप झालं. एका आजाराला चुकीच्या नावाने हाक मारत राहिलं की काय होतं, ते त्यातून दिसतं.

जी मुलं हिशेबातच नव्हती

१९९०च्या दशकाच्या अखेरीस झिंबाब्वेत साधारण दर चार प्रौढांमागे एकाला एचआयव्हीची लागण होती. आईवर काहीच उपचार नसले तर गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. लागण झालेल्या बाळांपैकी निम्मी औषधांशिवाय दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. या दोन आकड्यांवरून सगळ्यांनी एक सोपा निष्कर्ष काढून ठेवला होता: जन्मतः एचआयव्ही असलेलं मूल दहा-बारा वर्षांचं होतच नाही. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलीत एचआयव्ही सापडला तर तो लैंगिक संबंधांतूनच आला असणार.

हा हिशेब चुकीचा होता. बाधित बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळांमध्ये आजार फार सावकाश पुढे सरकतो. ती मुलं उपचारांविना, कशीबशी, आजारी पडत-उठत किशोरवयापर्यंत पोचतात. २००७-०८ मध्ये हरारेच्या दोन मोठ्या रुग्णालयांत दाखल झालेल्या ३०१ किशोरवयीन मुलांची तपासणी केली गेली. त्यातली ४६ टक्के एचआयव्हीबाधित निघाली. देशाचं चलन कोसळत होतं, सकाळचा पावाचा भाव संध्याकाळी टिकत नव्हता, त्या काळातलं हे काम. डॉ. रशिदा फेरांड आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते.

लागण जन्मतः झाली की नंतर, हे कसं ओळखायचं? संशोधकांनी मुलांच्या रक्तात जननेंद्रियांच्या हर्पिसची खूण शोधली. लैंगिक संबंधांतून एचआयव्ही आला असता तर ती बऱ्याच जणांत मिळायला हवी होती; तशी ती मिळाली नाही. शिवाय मुलांची उंची खुंटलेली होती आणि आई किंवा आई-वडील दोघेही आधीच गेलेले होते. ही माहिती शास्त्रीय आहे, पण आजीच्या शेजारी बाकावर बसलेल्या मुलीसाठी ती त्याहून मोठी गोष्ट होती. तिच्याकडे संशयाने बघणं थांबवायला ती पुरेशी होती. आपल्याकडे वाड्या-वस्त्यांवर अशा मुलींबद्दल काय बोललं जातं ते मी ऐकलंय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

टीबी, दमा आणि आणखी एक नाव

वाचलेल्या या मुलांना औषधं मिळू लागली. वजन वाढलं, प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी वाढल्या, ताप-जुलाब गेले. खोकला गेला नाही.

हरारेतल्या दोन बाह्यरुग्ण एचआयव्ही केंद्रांत येणाऱ्या ११६ मुलांची फुप्फुसं नीट तपासली गेली आणि तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या मुलांचं सरासरी वय १४ वर्षं, आणि एचआयव्ही असल्याचं कळलं ते सरासरी १२व्या वर्षी. या दोन आकड्यांमध्येच सगळं आलं. एका डझन वर्षांत छातीत जे काही व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि त्यानंतर निदान. निम्म्याहून अधिक मुलांना जुना खोकला होता. बाहेरून पाहिलं तर अशा मुलांमध्ये काहींच्या बोटांची टोकं फुगून नखं घड्याळाच्या काचेसारखी गोल झालेली दिसतात. फुप्फुसाचा आजार वर्षानुवर्षांचा असल्याची ही खूण बघायला यंत्र लागत नाही, फक्त मुलाचा हात हातात घ्यावा लागतो.

जुना खोकला, एचआयव्ही आणि खुरटलेलं वजन एकत्र दिसलं की आफ्रिकेत काय आणि आपल्याकडे काय, डॉक्टरच्या डोक्यात पहिली घंटा टीबीची वाजते. ती वाजायलाच हवी. एचआयव्हीबाधितांचा सर्वांत मोठा मारेकरी टीबीच आहे. अडचण पुढे सुरू होते. बेडक्यात जंतू सापडत नाहीत, एक्स-रेवर थोडे डाग दिसतात किंवा दिसतही नाहीत, तरी "रिस्क नको" म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्या सुरू होतात. खोकला थोडा कमी-जास्त होत राहतो. कोर्स संपतो आणि वर्षाने पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी कुणीतरी छातीला नळी लावतो, घरघर ऐकू येते, म्हणून दमा ठरतो आणि पंप मिळतो. पंपाने फरक पडत नाही. मग घरची माणसं म्हणतात, पोरगं पंप नीट ओढत नाही.

पुस्तकं वाचलेल्या डॉक्टरांकडे तिसरं एक नाव होतं, एलआयपी. लसिका पेशी फुप्फुसाच्या जाळीत साठून होणारा हा विकार एचआयव्ही असलेल्या लहान मुलांत खरोखर आढळतो. जुन्या पाठ्यपुस्तकांत तो ठळक अक्षरांत असल्यामुळे मोठ्या मुलांच्या छातीलाही तोच चिकटवला जात होता. हरारेत ११६ पैकी ५६ मुलांचा सीटी स्कॅन झाला. एलआयपीचं चित्र फारसं दिसलंच नाही. ५६ पैकी ३१ जणांच्या फुप्फुसांत वेगळंच काहीतरी होतं.

गोधडी

निरोगी फुप्फुस सीटीवर एकसारख्या करड्या रंगाचं दिसतं. या मुलांचं फुप्फुस जुन्या साड्यांच्या गोधडीसारखं दिसलं. एक तुकडा करडा, त्याला लागून एक काळपट, मग पुन्हा करडा. काळपट तुकड्यात हवा अडकलेली असते आणि तिथलं रक्त कमी झालेलं असतं. श्वास सोडायला सांगून चित्र काढलं की करडा भाग आणखी पांढुरका होतो, काळा आहे तसाच राहतो, कारण तिथली हवा बाहेरच पडत नाही.

कारण आहे ते अगदी शेवटच्या, दोन मिलिमीटरहूनही बारीक श्वासनळ्यांत. ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला हे लगेच समजेल. मोटर सुरू आहे, मुख्य पाइप ठणठणीत आहे, उपनळ्याही शाबूत आहेत, पण क्षाराने शेवटची छिद्रं बुजलीत आणि ओळीतली रोपं आलटून-पालटून सुकली आहेत. बांधावरून पाहणाऱ्याला पाइप दिसतो, छिद्र दिसत नाही. साधा एक्स-रे हा असा बांधावरून पाहणारा माणूस आहे. फरक एवढाच की ठिबकमध्ये आम्ल सोडून छिद्रं मोकळी करता येतात. इथे लहानपणच्या एकामागून एक न्यूमोनियांनी आणि विषाणूंच्या संसर्गांनी त्या बारीक नळ्यांच्या भिंतींना सूज आली, सूज भरताना व्रण झाले आणि व्रणांनी नळीचं तोंडच आवळून टाकलं. वैद्यकात याला ऑब्लिटरेटिव्ह ब्राँकिओलायटिस म्हणतात. बऱ्याच मुलांत जोडीला मोठ्या नळ्याही फाकून कायमच्या ढिल्या पडलेल्या होत्या. त्यांत कफ साचतो आणि दर पावसाळ्या-हिवाळ्यात तिथे नवा संसर्ग मुक्कामाला येतो.

म्हणजे टीबीच्या गोळ्यांनी फरक का पडला नाही ते कळलं. पंपाने का नाही, तेही. दम्यात नळीभोवतीचा स्नायू आवळलेला असतो, औषधाने तो सैल होतो. व्रण सैल होत नाही.

एक फुंकर

हे सीटीशिवाय ओळखायचं तर फुंकण्याची तपासणी करावी लागते, ज्याला कागदावर स्पायरोमेट्री म्हणतात. ओपीडीत ती कशी दिसते ते सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणाचा कणा तीच आहे.

मूल खुर्चीत ताठ बसतं. नाकाला चिमटा. तोंडात पुठ्ठ्याची जाड नळी, ओठ घट्ट. "पोटापासून श्वास घे, अजून घे, अजून, आता जोरात सोड! सोड, सोड, सोड, थांबू नको!" टेक्निशियन ताई अक्षरशः ओरडत असतात, शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटतं भांडण चाललंय. पहिल्या खेपेला मूल हसतं, दुसऱ्या खेपेला खोकतं, तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुठे खरी फुंकर निघते. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली तो आकडा म्हणजे एफईव्ही-वन. मग साल्ब्युटामॉलचे, म्हणजे दम्याच्या पंपातल्या औषधाचे, चार पफ द्यायचे, पंधरा मिनिटं बाहेर बसवायचं आणि पुन्हा फुंकायला लावायचं. आकडा लक्षणीय वर गेला तर दम्याकडे बोट जातं. जिथे होता तिथेच राहिला तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात. पंधरा मिनिटांच्या या एका चाचणीने मुलाच्या हातातला नुसताच वाहायला दिलेला पंप काढून घेता येतो.

इथे एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. यंत्र मुलाचा आकडा अपेक्षित आकड्याशी ताडून पाहतं, आणि अपेक्षित आकडा ठरतो वय, लिंग आणि उंचीवरून. जन्मतः एचआयव्ही असलेल्या मुलांची उंची मुळात खुंटलेली. चौदा वर्षांचं मूल दहा वर्षांच्या मुलाएवढं दिसतं. यंत्र म्हणतं, एवढ्या उंचीला एवढीच हवा अपेक्षित, सगळं ठीक. ज्या आजारपणाने फुप्फुस लहान ठेवलं त्यानेच उंचीही लहान ठेवली, आणि एक तोटा दुसऱ्या तोट्यामागे लपला. एका मुलाच्या रिपोर्टवर मी "नॉर्मल" लिहून सही केली होती. तो उठून दाराकडे चालायला लागला तेव्हा त्याच्या मामाने विचारलं, "मग ह्याला शाळेच्या मैदानाला एक चक्कर का मारवत नाही, डॉक्टर?" मी त्याला परत बोलावलं, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावला आणि व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं. बसल्याजागी रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के होता तो चौथ्या मिनिटाला ८८वर आला. तो प्रश्न मी विचारायला हवा होता.

निम्म्यावर आलेली आजारपणं

औषध शोधताना हरारेच्या गटाने आसपास पाहिलं. फुप्फुस प्रत्यारोपणानंतर अशाच प्रकारे बारीक नळ्या बुजतात. तिथे, सिस्टिक फायब्रोसिसमध्ये (घट्ट कफाने फुप्फुस बिघडवणारा जन्मजात आजार) आणि नळ्या फाकलेल्या इतर रुग्णांत ॲझिथ्रोमायसिन दीर्घकाळ दिल्याचा उपयोग दिसला होता. हे आपल्या ओळखीचंच प्रतिजैविक, पण इथे त्याचा दुसरा गुण कामाचा होता: जंतू मारण्याबरोबर ते सूजही कमी करतं.

२०१६ ते २०१९ या काळात हरारे आणि मलावीतल्या ब्लँटायर इथे चाचणी झाली. ६ ते १९ वयाची ३४७ मुलं, सगळ्यांना लागण जन्मतः झालेली, सगळी किमान सहा महिने एचआयव्हीच्या गोळ्यांवर, सगळ्यांची फुंकर कमी पडणारी आणि पंपाने न सुधारणारी. निम्म्यांना वजनाप्रमाणे आठवड्यातून एकदा ॲझिथ्रोमायसिन, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या, ४८ आठवडे. कुणाला काय मिळतंय हे ना मुलांना ठाऊक, ना डॉक्टरांना.

२०२० च्या डिसेंबरमध्ये निकाल छापून आला. एफईव्ही-वनमध्ये दोन्ही गटांत फरक नाही. चाचणीची मुख्य कसोटी हीच होती, त्यामुळे कडक परीक्षक इथेच वही मिटतील. पण पुढचा रकाना वाचा. छातीचं दुखणं अचानक उसळण्याचं प्रमाण औषध न मिळालेल्या गटात दर १०० मुलांमागे वर्षाला २४.७ होतं, औषध मिळालेल्या गटात १२.१. रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ७.१ विरुद्ध १.३. या काळात तीन मुलं गेली, तिन्ही औषध न मिळालेल्या गटातली. भरती आणि मृत्यूंचे आकडे लहान आहेत, त्यांच्यावर मोठे दावे उभे करता येत नाहीत, हे मान्य. पण बुजलेली नळी उघडेल ही अपेक्षाच मुळात जास्त होती, असं माझं मत आहे. व्रण परत जात नाही. मात्र रोजगार बुडवून पोराला दवाखान्यात न्यावं लागण्याच्या खेपा निम्म्यावर येणं, हे ज्या घरात आजीच्या मजुरीवर चूल पेटते तिथे नुसतं "दुय्यम निष्कर्ष" राहत नाही.

दुसरी बाजूही तिथूनच आली. औषध घेणाऱ्या मुलांच्या नाका-घशातल्या जंतूंत ॲझिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. आपल्याकडे तर हे औषध सर्दीलाही, काउंटरवर तीन गोळ्यांची पट्टी म्हणून मिळतं. म्हणून वाचून कुणी पोराला ते परस्पर सुरू करू नये. आधी टीबी नक्की नाही ना हे तपासावं लागतं, मग किती वेळा दुखणं उसळतं ते मोजावं लागतं, आणि ज्याला वारंवार उसळतं त्याच्यापुरताच हा विचार करायचा असतो.

बाकीची कामं साधी आहेत आणि त्यांना चाचणीची वाट पाहायची गरज नाही. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस. सकाळ-संध्याकाळ कफ मोकळा करण्याचे व्यायाम, जे फिजिओथेरपिस्ट एका बैठकीत शिकवतात. चुलीच्या धुरापासून लांब झोपण्याची जागा. आणि सगळ्यांच्या आधी, बाळाचं निदान पहिल्या काही आठवड्यांत आणि लगेच औषध. दक्षिण आफ्रिकेतल्या एका चाचणीत २००८ मध्ये दिसलं की बाळाला लगेच औषध सुरू केल्याने मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात. त्यानंतर वाट पाहण्याचा नियम बदलला. ज्याच्या छातीत न्यूमोनियांची रांग लागलीच नाही, त्याच्या नळ्या बुजण्याची वेळही कमी येते.

आपल्या वहीत

महाराष्ट्राला हे लांबचं वाटू नये. एचआयव्हीचा भार जास्त असलेल्या सहा राज्यांत आपलं नाव सुरुवातीपासून होतं, आणि सांगलीसारखे जिल्हे त्यात पुढे होते. देशात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी सुरू झालं ते एप्रिल २००४ मध्ये, मुलांसाठीचा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम २००६ मध्ये. म्हणजे १९९८-९९च्या सुमारास जन्मलेली आपल्याकडची बाळं पहिली पाच-सहा वर्षं तरी औषधाविनाच होती. हरारेतल्या मुलांसारखीच. त्यांच्यातली जी वाचली त्यांनी आज पंचविशी ओलांडली आहे. कुणी पुण्याला कंपनीत पॅकिंगला आहे, कुणाचं लग्न ठरतंय, कुणी ट्रकवर जातो. त्यांच्या टीबीच्या कार्डांवर एक-दोन कोर्स दिसतात, आणि अनेकदा त्या कोर्सच्या आधीचा बेडक्याचा रिपोर्ट निगेटिव्हच असतो.

ती मुलं मोठ्यांच्या एआरटी केंद्रात बदलून येतात तेव्हा फाईलही येते. व्हायरल लोड येतो, सीडी-फोर येतो, गोळ्यांची नावं येतात. फुंकरीचा रिपोर्ट कधी झालेलाच असला तर तो आमच्या यंत्राच्या गुळगुळीत कागदावर छापलेला असतो, बसच्या तिकिटासारखा. दोन उन्हाळे फाईलमध्ये काढले की त्याच्यावरची शाई उडते आणि कोरा पिवळसर कागद उरतो. म्हणून हल्ली मी मशीनचा कागद फाईलला लावतोच, पण त्याआधी फाईलच्या पहिल्याच पानावर, व्हायरल लोडच्या शेजारी, निळ्या बॉलपेनने तीन आकडे लिहून ठेवतो: एफईव्ही-वन, त्या दिवशीची उंची, आणि चालल्यानंतरचा ऑक्सिजन.